उत्पादन थांबलेलं छोटं पिस्तूल घेताना

‘बंद झालेलं पिस्तूल घेतोय’ असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, बंद आहे तर घेता कशाला? बंद म्हणजे कारखान्याने बनवायचं थांबवलेलं, हे आधी समजावून सांगावं लागतं. पण त्या भाबड्या प्रश्नात अर्धं शहाणपण आहे. कारखान्याने हात काढून घेतला की पिस्तूल चालतं ठेवायचं काम मालकाच्या अंगावर येतं. ते कसं निभवायचं हे मी दोनदा पैसे मोजून शिकलो. एकदा फसून, एकदा नीट.

मी टूलरूममधला माणूस. तीस वर्षं लेथ आणि सरफेस ग्राइंडरपाशी काढली, नेमबाजीचा नाद नंतर लागला. त्यामुळे पिस्तूल हातात आलं की माझं लक्ष आधी झिजेकडे जातं. तरीही पहिल्या खरेदीत मी गंडलो. पिस्तूल देखणं होतं, ब्लुइंग (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) आरशासारखं, मूठ हाताच्या मापाची. सोबत मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, एकच. विकणारा म्हणाला, ‘मॅगझिनचं काय, कुठेही मिळतं.’ ते कुठेही मला सापडायला दोन वर्षं गेली. तेवढ्यात असलेल्या एकुलत्या एका मॅगझिनचा वरची गोळी धरून ठेवणारा ओठ वाकला आणि पिस्तूल कपाटात जाऊन बसलं. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण त्या पिस्तुलात खोट नव्हती. उतावीळ मी होतो. दुसऱ्या वेळी सिग सावरचं पी२३९ घ्यायला निघालो तेव्हा मुलगी सोबत होती. तीही नेमबाज. विक्रेत्याने डबा उघडायच्या आत तिने विचारलं, ‘मॅगझिन किती?’ तेव्हापासून माझी तपासणी याच प्रश्नाने सुरू होते.

आधी कागद. परवाना हातात नसताना पिस्तूल बघायला जाऊ नका. मन बसतं, आणि मग माणूस वाकड्या वाटा शोधतो. तुमच्या परवान्यावर कुठला बोअर (काडतुसाचं माप) चालतो, व्यवहार अधिकृत विक्रेत्यामार्फत कसा नोंदवायचा, जुन्या मालकाच्या परवान्यावरून हत्यार कसं उतरतं, हे आपापल्या देशाच्या कायद्याप्रमाणे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी लष्करी काडतुसाचं पिस्तूल नागरिकाला मिळतच नाही. इटलीत कित्येक वर्षं ९×१९ (नऊ मिलिमीटरची गोळी, एकोणीस मिलिमीटर लांबीचं टोपण) हे काडतूस नागरिकांना वर्ज्य होतं, म्हणून तिथे ९×२१ रुजलं. फ्रेम (मुठीसह खालचा सांगाडा), स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि नळी यांवरचे नंबर स्वतः वाचा आणि कागदाशी ताडून बघा. नंबर खरवडलेला, पुसट किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर चहाचा कपही न संपवता उठा. तिथे घासाघीस करायची नसते.

आता ‘बंद’ या शब्दाचे प्रकार. सगळी बंद पिस्तुलं सारखी बंद नसतात. पी२३९ १९९६ साली आलं आणि वीसेक वर्षांनी यादीतून गेलं. पण कंपनी चालू आहे आणि त्याच घराण्यातली पिस्तुलं अजून निघतात, म्हणजे कामाची माहिती असलेला कारागीर सापडतो. हेकलर अँड कॉखचं पी७ वेगळं. कंपनी भक्कम, पण पिस्तूल २००८च्या आसपास थांबलं आणि त्याची यंत्रणा दुसऱ्या कशातच नाही. मूठ आवळली की ते सज्ज होतं, सोडली की निवांत, आणि उडणाऱ्या गोळीमागचा वायू एका छोट्या सिलिंडरमध्ये शिरून स्लाइडला थोडा वेळ रोखून धरतो. अशा यंत्रणेतला तुटलेला भाग दुसऱ्या पिस्तुलातून काढून बसवता येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे घरच बुडालेलं. स्पेनच्या बास्क भागातले स्टार आणि अॅस्ट्रा हे दोन्ही जुने कारखाने १९९७ साली बंद झाले. स्टारचं बीएम किंवा फायरस्टार आजही गोड चालतं, पण त्याचा सुटा भाग म्हणजे कुणीतरी मोडलेल्या दुसऱ्या पिस्तुलातून काढलेला भाग.

चौथा प्रकार फसवा: नाव परत येतं, पिस्तूल येत नाही. सिगचं जुनं पी२२५ हे पश्चिम जर्मनीच्या पोलिसांचं पी६. सत्तरच्या दशकात तिथे पी५, पी६ आणि पी७ अशी तीन पिस्तुलं मंजूर झाली होती, त्यातलं मधलं. त्याची स्लाइड पत्रा दाबून घडवलेली. पुढे २०१५च्या सुमारास पी२२५-ए१ आलं, त्याची स्लाइड मात्र अखंड स्टेनलेसमधून कोरलेली. नाव ऐकून भाग मागवणारा इथेच अडकतो. बेरेटा कंपनीचं चीता हे जुनं पिस्तूलही २०२३ साली ८०एक्स म्हणून परतलं. नवं आलं म्हणजे जुन्याचे भाग मिळू लागले, असं गृहीत धरू नका. भागाचा क्रमांक जुळवून मगच बोला.

काडतुसाच्या नावात तर भल्याभल्यांची गफलत होते. ‘नऊ एमएम आहे’ एवढ्यावर कधीच थांबू नये. ९×१७ला कुणी .३८० एसीपी म्हणतं, जर्मन कुर्त्स म्हणतात, इटालियन कोर्तो म्हणतात, वस्तू एकच. ९×१९ हे नेहमीचं पॅराबेलम. या दोघांच्या मधे ९×१८ मकारोव्ह बसतं आणि त्याची गोळी नावाला नऊ, प्रत्यक्षात सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास. चेक बनावटीचं सीझेड ८३ हे एकच पिस्तूल .३२, .३८० आणि मकारोव्ह अशा तीन काडतुसांत निघालं. बाहेरून तिन्ही सख्खी भावंडं. .३२ एसीपीला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात, पण ७.६५ पॅराबेलम हे निराळंच, बाटलीच्या गळ्यासारखं काडतूस. म्हणून नळीवरचा ठसा वाचायचा आणि तोच कागदावर आहे ना ते बघायचं. ते काडतूस तुमच्याकडे नियमित मिळतं का, हेही आजच विचारा. पिस्तुलाइतकीच काडतुसंही बंद होतात.

ठसे वाचायला गंमत येते, तेवढ्यासाठी भिंग खिशात ठेवावं. जर्मन पिस्तुलांवर दोन अक्षरांत साल दडलेलं असतं: ए म्हणजे शून्य, बी एक, सी दोन असं आयपर्यंत आठ, मग जे गाळून के म्हणजे नऊ. आयई दिसलं तर १९८४, केसी दिसलं तर १९९२. चेक पिस्तुलांवर प्रूफच्या, म्हणजे चाचणी झाल्याच्या, ठशाशेजारी साल आकड्यांत असतं. विकणारा ‘अगदी शेवटच्या लॉटमधलं’ म्हणत असेल आणि ठसा दहा वर्षं आधीचा बोलत असेल, तर पुढच्या गप्पांचं वजन आपोआप ठरतं.

आता हातात घ्या. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, डोळ्याने बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा करू नका. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर आतली गोळी बाहेर पडते आणि दुसरी जागेवर जाते, आणि माणूस समजतो रिकामं झालं. विक्रेत्याने आत्ताच दाखवलं असलं तरी तुम्ही पुन्हा बघायचं. यात कुणाचा अपमान होत नाही. ज्याला अपमान वाटतो त्याच्याकडून हत्यार घेऊ नये. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर (ट्रिगरपासून लांब), आणि रिकामा चाप ओढायच्या आधी मालकाला विचारायचं. जुन्या स्टारसारख्या पिस्तुलांत रिकामा घोडा (हॅमर) पाडून पाडून काडतुसावर ठोका देणारी फायरिंग पिन तुटते, म्हणून मी डमी काडतूस सोबत नेतो. बीएममध्ये मॅगझिन नसेल तर चापच काम करत नाही. बिघाड समजून भाव पाडायला निघाल तर स्वतःचंच हसं होईल.

मग खोला. विक्रेता खोलू देत नसेल तर विषय संपला.

नळी काढून खिडकीच्या उजेडाकडे धरा. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी आत अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेली असावी. बाहेरून बोट फिरवलं तरी तो उंचवटा लागतो. खळगे दिसले तर जुन्या, गंज धरवणाऱ्या प्रायमरची (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) काडतुसं वापरून साफसफाई न केल्याची खूण. थोडे खळगे असूनही नळी नीट मारते, पण भाव त्या हिशेबाने द्यायचा. तोंडाची कड नखाने चाचपा. तिथला टोला नेम बिघडवतो. पी७ असेल तर चेंबरमध्ये उभ्या बारीक खाचा असतात आणि उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या टोपणावर त्यांच्या रेघा उमटतात. तो दोष नव्हे, तशीच रचना आहे. त्याच पिस्तुलात उघड्या शिशाची गोळी वापरायची नाही, वायूचं भोक बुजतं. आधीच्या मालकाने काय वापरलं ते विचारा आणि पिस्टनवर काजळी किती घट्ट बसलीय ते बघा.

फ्रेमकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. छोट्या पिस्तुलाचं दुखणं त्याच्या छोटेपणातच असतं. काडतूस मोठ्या पिस्तुलाचंच, धक्का तेवढाच, पण स्लाइड हलकी आणि तिला मागे जायला जागा कमी. मग सगळा भार रिकॉइल स्प्रिंगवर, म्हणजे स्लाइड पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगवर येतो. ती आखूड, कडक, आणि दर फैरीला जवळजवळ पूर्ण मिटणारी. ती थकली की स्लाइड फ्रेमवर आदळू लागते, आणि फ्रेम अॅल्युमिनियमची असली तर धातू सोसतो तोवर सोसतो. पी२३९, सीझेडचं रॅमी, स्मिथ अँड वेसनचं ३९१३ या सगळ्यांच्या फ्रेम अॅल्युमिनियमच्या. फ्रेमच्या ज्या पट्ट्यांवरून स्लाइड सरकते त्यांवरचा काळा थर उडून चंदेरी झालं असेल तर घाबरू नका, ते वापराने होतंच. नख आडवं ओढल्यावर पायरी लागली, तर मात्र थांबा. स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याच्या) भोकाच्या कडेला आणि पट्टी जिथे संपते त्या कोपऱ्यात केसासारखी रेघ शोधा. टूलरूममधली युक्ती: तिथे पातळ तेलाचा थेंब लावा, कोरडं पुसा, मिनिटभर थांबा. चीर असेल तर तेल परत झिरपून रेघ ओली दिसते. अशा एका रेघेने मला एक सौदा मोडायला लावला आणि विक्रेत्याने मला ‘ओरखडा आहे हो’ म्हणून तीनदा समजावलं. ओरखडा तेल परत देत नाही.

स्क्रूंच्या खाचा बघा. चावलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस घेऊन आत शिरला होता, आणि शिरला तो कशासाठी? बहुतेक वेळा चाप हलका करण्यासाठी. कानशीचा एक फटकारा घोड्याच्या खाचेवर बसला की पृष्ठभागाचा कडकपणा गेला, आणि मग ती खाच महिन्यागणिक गोल होत जाते. याची परीक्षा सोपी. पिस्तूल पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री करा, घोडा चढवा आणि अंगठ्याने मागून पुढे दाबा. घोडा पडला तर पिस्तूल डब्यात परत. मग चाप दाबून तसाच धरा, स्लाइड ओढून सोडा. घोडा चढलेलाच राहायला हवा. चाप सोडल्यावर टक् आवाज यावा आणि पुन्हा दाबल्यावरच पडावा. स्लाइडमागोमाग घोडा खाली येत असेल तर ते पिस्तूल एका चापात दोन गोळ्या झाडू शकतं. डीकॉकर (गोळी न झाडता घोडा खाली आणणारा खटका) असेल तर तो दाबून घोडा अलगद सुरक्षित खाचेवर येतो का बघा. आणि एक विचारून ठेवा: फायरिंग पिन अडवणारा ब्लॉक आहे का? बऱ्याच जुन्या पिस्तुलांत तो नसतो. असं पिस्तूल चेंबरमध्ये गोळी ठेवून बाळगायचं नाही. ‘आमच्या वडिलांनी आयुष्यभर बाळगलं’ हे यावर उत्तर नाही.

चकचकीतपणाला भुलू नका, हे मी माझ्याच पहिल्या पिस्तुलावरून सांगतो. नवं ब्लुइंग केलेलं पिस्तूल अक्षरांवरून ओळखता येतं. पॉलिशच्या चाकावर धरलं की ठशांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात आणि सरळ कोपरे गोलावतात. त्यात पाप नाही. पण ते मूळ ब्लुइंग म्हणून विकणं हे पाप. आणि पॉलिशखाली काय गाडलंय ते सांगता येत नाही, म्हणून मला झिजलेलं, प्रामाणिक पिस्तूल जास्त आवडतं. म्यानातून काढून-घालून नळीच्या टोकाशी उडालेला रंग बहुतेक वेळा एवढंच सांगतो की ते बाळगलं खूप, झाडलं कमी.

याच्या उलट टोकाला असतं ते डब्यातलं कोरं. कागद, ब्रश, सगळं जागेवर, एकही गोळी न झाडलेलं. संग्राहक त्यासाठी वाटेल तो भाव देतात आणि तुम्ही पहिली गोळी झाडली की त्या भावाचा मोठा हिस्सा उडतो. झाडायचं असेल तर ते त्यांना घेऊ द्या.

आता मॅगझिन. माझा हिशेब असा: तीनपेक्षा कमी मॅगझिन असलेलं बंद पिस्तूल मी अपुरं समजतो, आणि कमी असलेल्या प्रत्येक मॅगझिनचा आजचा मिळेल तो भाव किमतीतून वजा मागतो. आधी तो भाव शोधून जायचं, म्हणजे बोलणं हवेत राहत नाही. प्रत्येक मॅगझिन पिस्तुलात बसवून, बटण दाबून, स्वतःच्या वजनाने खाली पडतं का बघा. टाचेशी कॅच असलेल्या जुन्या रचनेत ते हातानेच ओढावं लागतं, तिथे हा नियम लावू नका. वरचे दोन ओठ समांतर हवेत. व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी) असेल तर सगळ्या मॅगझिनांचं ते अंतर मोजा. जे वेगळं निघेल ते वाकलेलं. मागच्या शिवणीला चीर नाही ना, आतला गोळ्या वर ढकलणारा फॉलोअर तिरका होत नाही ना, शेवटची गोळी गेल्यावर स्लाइड अडकते ना, एवढं बघायचं. पी२३९ बाबत खास सांगतो: नऊ एमएमच्या मॅगझिनमध्ये आठ मावतात, .४० या जाड काडतुसाच्यात सात, आणि दोन्ही लांबून सारखी दिसतात. माझ्या डब्यातल्या तिसऱ्या मॅगझिनवर .४० लिहिलेलं मुलीने वाचलं. विक्रेता बिचारा खरोखरच चपापला, त्यालाही माहीत नव्हतं. तेवढे पैसे कमी झाले.

मॅगझिनची स्प्रिंग भरून ठेवल्याने मेली, असं सगळे सांगतात. चांगल्या पोलादाची स्प्रिंग एका जागी दबून राहिल्याने फारशी थकत नाही, ती पुन्हा पुन्हा मिटून-उलगडून थकते. पण बंद पिस्तुलात हा वाद घालत बसण्यापेक्षा नवीन स्प्रिंगा घ्याव्यात. मूळ कंपनी देत नसली तरी स्प्रिंगा बनवणारे स्वतंत्र कारखाने असतात आणि लोकप्रिय बंद मॉडेलांच्या रिकॉइल स्प्रिंगा ते बनवत राहतात. तुमच्या मॉडेलच्या मिळतात का, हे पिस्तूल घ्यायच्या आधी शोधा. मिळत असतील तर निम्मी काळजी मिटली. मिळत नसतील तर ते पिस्तूल शोभेचं किंवा क्वचित झाडायचं, असं मनाशी ठरवून मगच भाव बोला.

स्प्रिंगची जागेवर परीक्षा अशी. नळी आकाशाकडे, पिस्तूल रिकामं, स्लाइड हाताने धरून हळूहळू पुढे सोडा. वर चढत जाऊन ती पूर्ण मिटली पाहिजे. शेवटच्या थोड्याशा अंतरात अडखळली तर एक तर स्प्रिंग थकली किंवा वंगण वाळून चिकट झालं. साफ करून पुन्हा बघा. मग बंद स्लाइडमधून दिसणारी नळीची पाठ अंगठ्याने दाबा. ती खाली हलता कामा नये.

सौदा झाला, कागद झाले, पिस्तूल घरी आलं. लगेच रेंजवर पळू नका. पूर्ण साफ करा, सगळ्या रिकॉइल आणि मॅगझिन स्प्रिंगा बदला, जुन्या फेकू नका. रेंजवर पहिल्या वेळी कारखान्यातली साधी, गोळीवर धातूचं पूर्ण आवरण असलेली काडतुसं न्या, स्वस्तात मिळालेली कुणी घरी भरलेली नकोत. मॅगझिनमध्ये आधी एकच गोळी घाला. मग दोन. दोन्ही वेळा पिस्तूल नीट वागलं तरच पूर्ण भरा. एका चापात दोन उडायच्या असतील तर तेव्हाच दोनावर थांबतील. टोपणं गोळा करा. प्रायमरवरचा ठोका मध्यभागी आहे का, टोपण बुडाशी फुगलंय का, कड फाटलीय का, हे बघा. प्रत्येक मॅगझिनवर मी खडूने नंबर घालतो. अडलं की कुठल्या नंबरला अडलं ते वहीत. पी२३९च्या पहिल्या दोनशे गोळ्यांत चार वेळा अडलं, चारही वेळा दोन नंबरला. पिस्तुलावर संशय घ्यायची वेळच आली नाही. दोन नंबरचे ओठ मोजले, थोडे पसरलेले निघाले. ते मॅगझिन आता फक्त सरावापुरतं वापरतो.

जुन्या स्प्रिंगा एका रिकाम्या डबीत आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली: काढल्याची तारीख आणि मोकळी असतानाची लांबी. नवी स्प्रिंग दर हजार गोळ्यांनी बाहेर काढून त्याच व्हर्नियरने मोजतो. या खेपेला पाऊण मिलिमीटर आखडली होती.